हॉलंडहून परत आलेला दगड

आमच्या खिंडीकडे येणारे प्रवासी काय काय उचलून आणतात ते मी इतकी वर्षं बघत आलेय. एकाने गिटार आणली होती. एका बाईने आपलं मांजर आणलं होतं, आणि ते मांजर माझ्या सशांच्या खुराड्यापाशी दोन दिवस ठाण मांडून बसलं होतं. पण सातासमुद्रापलीकडून दगड घेऊन आलेला माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. डोंगरात येताना कुणी दगड आणतं का? आमच्याकडे दुसरं आहेच काय?

योस्ट त्याचं नाव. हॉलंडचा. साठी ओलांडलेला, उंच, किंचित पुढे वाकलेला आणि डावा पाय जपून टाकणारा. दुपारच्या गाडीतून उतरला आणि सरळ माझ्या दारात आला. त्यात नवल नाही. गावात शिरताना पहिलं घर माझं, प्रवाशांना द्यायच्या खोल्या माझ्या, आणि खिंड ओलांडून किल्यापाताला, म्हणजे इंकांच्या ओस पडलेल्या गावाला जायचं तर खेचरंही माझीच. त्यामुळे मला, या बासिलियाला, टाळून इथून कुणाला वर जाता येत नाही. मी डोंगरी पुदिन्याचा चहा पुढे केला. त्याने पिशवीतून एक लोकरी मोजा काढला, मोज्यातून दगड काढला आणि टेबलावर ठेवला.

"हा मी इथून नेला होता," तो म्हणाला. "परत ठेवायला आलोय."

त्याचं स्पॅनिश मोडकं होतं, पण समजत होतं. दगड मुठीएवढा, हिरवट, आणि त्याच्याभोवती एक पांढरी रेघ अंगठीसारखी गोल फिरलेली. दिसायला सुंदर, त्यात वाद नाही.

"कुठून नेला होतात?"

"वरून. खिंडीतल्या राशीतून. बरीच वर्षं झाली, तेव्हा पलीकडच्या बाजूने आलो होतो."

माझ्या हातातली किटली हातातच राहिली. खिंड चढणारा माणूस आमच्याकडे खालून एक दगड उचलून निघतो. चढता चढता आपला सगळा शीण त्या दगडाला देतो, वर पोचला की राशीवर तो दगड ठेवतो आणि हलका होऊन पुढे जातो. या राशीला आम्ही अपाचेता म्हणतो. माझ्या पणजीच्या पणजीचा शीण तिथे तळाशी पडलेला असेल. कुणी आपल्या दगडात काय ठेवलं ते कुणाला सांगत नाही आणि दुसऱ्याला विचारत नाही. आणि तिथला दगड उचलायचं तर आमच्या शेंबड्या पोराच्याही मनात येत नाही.

"अहो पाव्हणे, तुम्ही कुणाचा तरी शीण घरी घेऊन गेलात!" मी म्हणाले, आणि मला हसू आवरेना.

तो हसला नाही. "आता माहीत आहे," तो म्हणाला. "तेव्हा फक्त रंग आवडला होता. खिडकीत ठेवला. तेव्हापासून मी थकलोय. झोपून उठलो तरी थकलेलाच असतो. गुडघा धरला. डॉक्टरांना काही सापडत नाही. आमच्या गल्लीतल्या बेकरीत तुमच्याकडची एक बाई कामाला लागली, तिला एकदा सहज दाखवला, तर तिने पाव काउंटरवर टाकला आणि छातीवर क्रॉस काढला. म्हणाली, उद्याच्या उद्या परत नेऊन ठेव."

"आणि तुम्ही एवढ्यासाठी आलात?"

"मी पोस्टमन होतो," तो म्हणाला. "चुकून माझ्याकडे राहिलेली वस्तू मी आयुष्यात कधी ठेवून घेतली नाही. ही एकच."

खरं तर मला एवढंच विचारायचं होतं की खेचर हवं की नको. पण माझ्या डोक्यात किडा शिरला. हा दगड कुणाचा असेल? मी सिमेंटच्या घरात राहते, मोबाईल वापरते, पाद्रीबाबांच्या प्रवचनाला जाते. तरी तो दगड टेबलावर होता तोवर मी त्या टेबलावर बटाटे सोलले नाहीत. शेजारणींना बोलावून दाखवला. त्या लांबूनच बघून गेल्या आणि अंगणात जाऊन पोट धरून हसल्या. कुणाचा ते एकीलाही सांगता येईना.

उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी आपल्या पायांनी चालत आलं. माझ्या सासूबाई, गुमेर्सिंदा, खिंडीपलीकडच्या कुरणात एकट्या राहतात, अल्पाकांच्या कळपाबरोबर. मीठ संपलं की खाली येतात, वाळवलेले बटाटे देतात, मीठ आणि चार शिव्या घेऊन परत जातात. सत्तरी कधीच मागे पडली, पण चालताना हातात टकळी असते आणि ती थांबत नाही. तोंडाचीही थांबत नाही. आमचं दोघींचं फार चांगलं जमतं, कारण मधे एक खिंड आहे.

त्या आत आल्या, टोपी काढली आणि टेबलाकडे पाहून म्हणाल्या, "सूनबाई, माझा दगड तुझ्या टेबलावर काय करतोय?"

"तुमचा? कशावरून?"

"कशावरून म्हणजे? माझ्या माहेरच्या ओढ्यातला आहे. असली पांढरी अंगठी दुसऱ्या कुठल्या ओढ्यात मिळते दाखव मला. मीच नेऊन वर ठेवला होता."

मी सगळं सांगितलं. सासूबाईंना स्पॅनिश येत नाही आणि योस्टला आमची भाषा येत नाही, त्यामुळे मधे मी. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा बदलत गेला. मला वाटलं, त्या हसतील. त्या हसल्या नाहीत, उलट दगडापासून दोन पावलं मागे सरकल्या.

"परत ठेवायला आणलाय? वर? राशीत?" त्यांचा आवाज चढला. "अगं बये, ह्याला आवर! त्या वर्षी माझा उजवा गुडघा कसा सुजला होता, विसरलीस? भोपळा झाला होता भोपळा. तुझा नवरा कळपासाठी व्यापारी घेऊन वर आला होता. मी हा दगड घेऊन रडतखडत खिंड चढले, ठेवला, आणि उतरले ती आजपर्यंत चालतेय. आता हा बाबा तो परत ठेवणार! म्हणजे गुडघा परत येणार, व्यापारी परत येणार आणि मी येणार तुझ्या स्वयंपाकघरात. त्या बाकावर. मरेपर्यंत."

मी चुलीजवळच्या त्या बाकाकडे पाहिलं. 

ही नुसती धमकी नव्हती. माझा नवरा सातुर्निनो कुस्को शहरात मिनीबस चालवतो आणि आठवड्याला घरी येतो. माणूस चांगला, नाक मोठं, अगदी बापावर गेलेलं, आणि डोकंही बापासारखंच एकदा ठरलं की ठरलं. ज्या दिवशी आईचे गुडघे जातील त्या दिवशी कळप विकायचा आणि आईला खाली आणायचं, हे त्याने केव्हाचं ठरवून ठेवलेलं होतं. सासूबाई तिथे कुरणात जन्मल्या नाहीत, पण तिथून हलवलं तर त्या जगणार नाहीत, हे मला कळत होतं. आणि त्या खाली आल्या तर मी जगणार नाही, हेही कळत होतं.

"ह्याला सांग, आल्या पावली दगड घेऊन चालता हो म्हणावं," सासूबाई म्हणाल्या.

"सासूबाई म्हणतायत, जरा विचार करू या," मी योस्टला सांगितलं.

"दगड यांचा आहे?" योस्ट एकदम उठला. "मग प्रश्नच मिटला. यांनाच देतो."

त्याने दोन्ही हातांवर दगड ठेवून पुढे केला. सासूबाईंनी आपले हात पाठीमागे नेले आणि भिंतीला जाऊन चिकटल्या. तो बिचारा तसाच उभा राहिला. कुणाच्या घरी वस्तू पोचवायला गेला आणि घरच्यांनी दार लावून घेतलं, असं त्याच्या नोकरीत कधी झालं नसावं.

मग आम्ही बसून खल केला. नदीत टाकावा का? नको, खालच्या खोऱ्यातल्या लोकांनी आपलं काय वाकडं केलंय? पाद्रीबाबांना द्यावा का? ते आधीच थकलेले. शेवटी सासूबाईंनाच सुचलं. किल्यापाताला जायच्या वाटेवर इंकांचा एक प्रचंड घडवलेला दगड आडवा पडलेला आहे. खाणीतून निघाला, देवळापर्यंत पोचलाच नाही. वाटेत थकला आणि बसला, असं आम्ही म्हणतो. बसला तेव्हा रडला म्हणे, म्हणून त्याच्या एका अंगाला तांबडे ओघळ आहेत.

"त्या थकलेल्याच्या पायाशी हा ठेवायचा," सासूबाई म्हणाल्या. "तो आधीच इतका थकलाय, त्याला मुठीएवढ्याने काय फरक पडतो?"

योस्टला हे पटलं. मला तर इतकं पटलं की मी खेचराचं भाडं कमी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही तिघं निघालो. खेचर योस्टसाठी होतं, पण तो बसायला तयार होईना. दगड घेऊन गेलो तेव्हा चालत गेलो होतो, आता चालतच नेणार, म्हणाला. सासूबाई सगळ्यांच्या पुढे, टकळी फिरवत, मुद्दाम भराभरा. आपले गुडघे कसे शाबूत आहेत हे त्या डोंगराला दाखवत होत्या की मला, कोण जाणे. गवतावर दव गोठलेलं होतं. ऊन आधी वरच्या बर्फावर पडलं आणि मग हळूहळू खाली उतरत आमच्यापर्यंत आलं. योस्ट दर वळणावर थांबून बघायचा. मलाही थांबावं लागायचं, आणि थांबल्यावर दिसायचं की बघण्यासारखं आहे खरं. खालचं तळं सकाळी काळं असतं, ते आमच्या डोळ्यांदेखत निळं झालं.

चढणीला लागताना मी त्याला ओढ्यातला एक साधा दगड उचलायला लावला होता. "तुमचा स्वतःचा शीण वेगळा," मी म्हटलं. "तो तरी रीतीप्रमाणे ठेवा." खिंडीत पोचल्यावर त्याने तो राशीवर ठेवला. आम्हीही आपापले ठेवले. सासूबाईंनी कोकाची तीन पानं बोटांत धरली, बर्फाच्या शिखराकडे, म्हणजे आमच्या डोंगरदेवाकडे, अपुकडे फुंकर घातली आणि पानं दगडांच्या फटीत खोचली.

"हलकं वाटतंय?" मी योस्टला विचारलं.

त्याने प्रामाणिकपणे जरा वाट पाहिली. "चढणीचा शीण गेला," तो म्हणाला. "दुसरा आहे तिथेच आहे."

सासूबाईंनी कान टवकारले. "काय म्हणाला?"

मी सांगितलं. त्या राशीला टेकून बसल्या, त्यालाही समोर बसवलं आणि सुरू झाल्या. मला सांगतात, विचार त्याला, कुठला गुडघा? डावा, तो म्हणाला.

"डावा?" सासूबाई चमकल्या. "माझा तर उजवा होता."

"समुद्र ओलांडताना उलटला असेल," मी म्हटलं.

"गप गं. तो माझ्यासमोर तोंड करून बसलाय, म्हणून उलटा दिसतोय." पण त्यांचं समाधान झालेलं नव्हतं. "विचार, अजून काय होतं? नुसता गुडघा नाही हा. गुडघा दुखणारा माणूस असा बसत नाही. बघ कसा बसलाय, कुणाला तरी जागा ठेवून."

मी पाहिलं. खरंच, त्या रुंद धोंड्यावर तो एका कडेला बसला होता. मी विचारलं. योस्टने बराच वेळ दगड हातात फिरवला.

"हे मी डॉक्टरांना सांगितलं नाही," तो म्हणाला. "मी लग्न केलं नाही. एकटा राहिलो, आणि मजेत राहिलो. मला कधी कुणाची उणीव भासली नाही. पण दगड घरी आणल्यापासून संध्याकाळी वाटतं, कुणीतरी यायचं राहिलंय. थंडीतसुद्धा दार उघडं ठेवतो. जेवायला बसताना दोन ताटल्या काढतो. काही गंमत झाली की मान वळवतो, कुणाला तरी सांगायला. हाक मारायला तोंड उघडतो आणि नावच येत नाही. कुणाची वाट बघतोय तेच मला माहीत नाही."

एरवी मी थोडं गाळते, थोडं घालते. या वेळी एक शब्द गाळला नाही. सांगत असताना माझ्याच अंगावर काटा आला, कारण दार उघडं ठेवून बसलेलं माणूस मी पाहिलेलं होतं.

माझे सासरे इलारियो लोकर विकून परत येताना पावसाळ्यात नदीत वाहून गेले. त्यानंतर सासूबाई वरच्या झोपडीत दार उघडं टाकून बसायच्या. बर्फाचा वारा आत यायचा, पण दार लावू द्यायच्या नाहीत, तो येईल म्हणायच्या. गुडघा सुजला तो त्या थंडीने. मग एक दिवस त्या खिंडीवर गेल्या आणि उतरल्या त्या अशा उतरल्या की जसं काही झालंच नव्हतं. गुडघा बरा झाला, कळपामागे धावायला लागल्या आणि सासऱ्यांचं नाव मात्र पुन्हा चकार शब्दाने काढलं नाही. मृतांच्या दिवशी पाव, बटाटे, मक्याची दारू चिचा, सगळं मांडायच्या, पण कोंबड्यांना दाणे टाकावेत तसं मांडायच्या आणि उठायच्या. सातुर्निनोला ते फार लागलं. आईने बाबांना पुसून टाकलं, असं तो एकदा माझ्याजवळ बोलला आणि त्यानंतर त्यानेही तो विषय काढला नाही.

सासूबाईंची टकळी थांबली होती. दोरा लोंबत होता.

"त्याला विचार," त्या अगदी हळू म्हणाल्या, "दाराबाहेर कुणी पाय आपटून चिखल झाडतंय, असा आवाज येतो का?"

मी विचारलं. 

"येतो," तो म्हणाला. "मी उठून बघतो. कुणी नसतं. यांना कसं माहीत?"

सासूबाई उठल्या आणि पुढे चालू लागल्या. टकळी पाठीवर बांधलेल्या चादरीत खोचली. त्या दिवशी पुन्हा काढली नाही.

पलीकडच्या उतारावर किल्यापाता दिसतं. डोंगराला पायऱ्या पाडल्यासारखी शेतं, त्यांच्यावर छपरं गेलेली घरं, आणि इंकांनी दगडातून काढलेला पाट, ज्यातून अजून पाणी वाहतं आणि माझी खेचरं पितात. तिथे अजून तिकीटघर आलेलं नाही. एरवी मी प्रवाशांना भिंतीजवळ नेते, मग प्रत्येक जण दोन दगडांच्या फटीत नख घालून बघतो, कुणी सुरी घालून बघतो, नखही जात नाही म्हणून खूश होतो. योस्टनेही नख घालून पाहिलं, पण त्याचं लक्ष नव्हतं. आम्हा तिघांचंही नव्हतं.

थकलेला दगड वाटेवर होता तसाच पडला होता, एका खोलीएवढा, तीन बाजू घडवलेल्या आणि चौथी तशीच राहिलेली. योस्टने त्याच्या पायथ्याशी गवत बाजूला केलं, हाताने खळगा केला आणि गुडघा सांभाळत खाली बसला.

"थांब," सासूबाई म्हणाल्या.

याचा अर्थ मला सांगावा लागला नाही. तो थांबला. सासूबाईंनी पाठीवरची चादर सोडून जमिनीवर पसरली.

"दे इकडे. यात ठेव."

"आई, काय करताय?" मी त्यांचा हात धरला. "गुडघ्याचं काय? व्यापारी येईल. सातुर्निनो ऐकणार नाही, तुम्हाला माहितेय."

"गुडघा माझा आहे. मी आणि तो बघून घेऊ." त्यांनी माझा हात झटकला नाही, पण दगडावरची नजरही हलवली नाही. "बासिलिया, मला त्याचं नाक आठवत नाही गं. टोपी आठवते. टोपीखाली काही नाही. मला वाटायचं, वय झालं, विसरले. मी अपुला म्हटलं होतं, हे ओझं ने, मला सोसत नाही. आणि दिला ठेवून. मला काय माहीत ओझ्याबरोबर माणूसही जातो म्हणून?" मग एकदम त्यांचा नेहमीचा आवाज परत आला. "आणि हा परका मेला तिकडे माझ्या नवऱ्यासाठी दार उघडं ठेवून बसलाय! त्याला ताटली वाढतोय! आणि मी इथे ठणठणीत!"

मी योस्टला अर्धंमुर्धं सांगितलं. त्याला कळलं असावं. त्याने दगड चादरीत ठेवला, पार्सल देताना ठेवावा तसा नीट, नाव असलेली बाजू वर असल्यासारखा. सासूबाईंनी गाठ मारली आणि ओझं पाठीवर घेतलं. उठताना त्यांच्या तोंडातून हलकेच एक कण्हणं निघालं.

"त्याला नाव सांग," त्या म्हणाल्या. "इलारियो. इतकी वर्षं हाक मारायची राहिलीय म्हणतो ना? मार म्हणावं एकदा."

योस्टने टोपी काढली. आधी पुटपुटला. मग शेतांच्या पायऱ्यांकडे तोंड करून मोठ्याने म्हणाला, "इलारियो!" आवाज समोरच्या डोंगरावर जाऊन परत आला. पाटावर पाणी पिणाऱ्या खेचराने मान वर केली.

परतीच्या वाटेवर सासूबाई लंगडत होत्या. दगडाने असेल, सकाळच्या फुशारकीने असेल, किंवा वयाने असेल. मला ठरवता आलं नाही आणि अजूनही येत नाही. निम्म्या वाटेत त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. लग्न होऊन या घरात आल्यापासून पहिल्यांदा. योस्ट मात्र मागून लांब ढांगा टाकत येत होता आणि डावा पाय जपायचं विसरला होता.

त्यांच्या झोपडीपाशी पोचलो तेव्हा ऊन कललं होतं, अल्पाका आपणहून वाड्यात येऊन उभ्या होत्या. दाराला लागून आत एक सपाट धोंडा आहे. सासरे त्यावर बसून चपला काढायचे. सासूबाईंनी चादर सोडली, दगड त्या धोंड्यावर ठेवला आणि त्याच्यासमोर जमिनीवर बसल्या.

"आलास?" त्या म्हणाल्या. "कुठे होतास इतकी वर्षं? हॉलंडला? आणि मला एका शब्दाने सांगायचं नाही?"

मग त्या रडायला लागल्या. मी त्यांना असं रडताना त्या पहिल्या वर्षीसुद्धा पाहिलं नव्हतं. मी आणि योस्ट बाहेर आलो आणि वाड्याच्या भिंतीवर बसून सकाळचे उकडलेले बटाटे सोलायला लागलो. आतून एकेक ऐकू येत होतं.

"मला जरा रिकामं वाटतंय," योस्ट म्हणाला. "सवय झाली होती त्याची."

"मग इकडे येत जा अधूनमधून," मी म्हटलं. "सासूबाई वाट बघतील. दगड उचलल्याबद्दल तुम्हाला अजून शिव्या घालायच्या राहिल्यात."

तो हसला, पहिल्यांदाच.

त्या भिंतीवर एका कोपऱ्यात मोबाईलला रेंज येते, बाकी कुठेच नाही. तेवढ्यात सातुर्निनोचा फोन आला. शेजारणींनी त्याला सगळं तिखटमीठ लावून कळवलं होतंच.

"आईचे गुडघे कसे आहेत?" त्याने पहिलं तेच विचारलं.

खोटं बोलावं असं क्षणभर आलं मनात. "दुखतायत," मी म्हणाले. "पाय नीट टेकवत नाहीयेत."

"बघ! मी केव्हापासून सांगतोय. या रविवारी व्यापाऱ्याला घेऊनच येतो."

"व्यापाऱ्याला आणायचं नाही. माझं एक खेचर मी इथे ठेवतेय आईसाठी, पाणी भरायला मी येत जाईन. त्या इथून हलणार नाहीत. तू एकटा ये. आणि रविवारी नको, उद्या ये."

"का? काय झालं?"

मला सांगता येईना. मी फोन दाराकडे धरला. आत सासूबाई भांडत होत्या. "नदीला पाणी होतं ना रे, इलारियो? दिसत होतं ना? एक दिवस थांबला असतास तर लोकर काय कुजणार होती? माझं कधी ऐकलंस?"

मी फोन परत कानाला लावला.  

"ऐकलंस?" मी विचारलं. "त्यांना बाबांचं नाक आठवत नाहीये रे. त्यासाठी रडतायत."

पलीकडे त्याने नाक ओढलं. आवाज ओला होता.

"माझंच आहे की ते," सातुर्निनो म्हणाला. "तिला सांग, दार उघडं ठेव. मी निघालोच."